‘विरोध करणे’: अर्थच्छटा, समानार्थी क्रियापदे आणि त्यांच्या विभक्ती

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)

‘विरोध करणे’ला समानार्थी शब्द शोधले की यादी भरपूर मिळते: प्रतिकार, निषेध, हरकत, आक्षेप, अटकाव, मज्जाव, प्रतिवाद, खंडन, प्रतिबंध. पण एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य लंगडते. हे शब्द कुठे अदलाबदल होतात, कुठे होत नाहीत आणि का, हे इथे नीट उलगडून हवे आहे. चर्चेसाठी पाच वाक्ये देतो. पाचही ठिकाणी मुद्दाम ‘विरोध’ ठेवला आहे.

१. रहिवाशांनी रस्ता रुंदीकरणाला विरोध केला.
२. शरीर रोगजंतूंना विरोध करते.
३. वक्त्याच्या त्या विधानाला तिने विरोध केला.
४. किल्ल्यातल्या शिबंदीने हल्ल्याला विरोध केला.
५. पहारेकऱ्याने आत जाण्यास विरोध केला.

पहिले वाक्य बिनचूक वाटते. बाकीची कमी-जास्त खटकतात. नेमकी कशामुळे?

काना_मात्रा

पाचवे सरळ चूक आहे. ‘मज्जाव केला’ हवे.

अवग्रह

मुळापासून सुरुवात करू. ‘विरोध’ हा ‘रुध्’ धातूपासून आला. रुध् म्हणजे अडवणे, कोंडणे. उपसर्ग बदलला की दिशा बदलते. अवरोध म्हणजे वाटेत आलेला अडसर. निरोध म्हणजे आतून आवरणे. योगसूत्रांतल्या ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ या व्याख्येत तोच आहे. प्रतिरोध म्हणजे समोरून आलेल्या जोराला दिलेला उलट जोर. अनुरोधात मात्र अडवणे उरतच नाही. अनुरोध म्हणजे कलाने घेणे, म्हणून मराठीत ‘त्या अनुरोधाने’ म्हणजे ‘त्याला धरून’.

‘विरोध’मध्ये अडवण्याचा मूळ अर्थ आता फिका झाला आहे. उरली आहे ती भूमिका: मी या बाजूला, तू त्या बाजूला. म्हणूनच ‘माझा याला विरोध आहे’ असे नुसत्या ‘असणे’ने म्हणता येते, काहीही न करता. ‘माझा याला अटकाव आहे’ असे कोणी म्हणत नाही. अटकाव करावाच लागतो.

तळटीप

अवग्रह यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून एक चाचणी. वाक्याच्या शेवटी ‘पण ते झालेच’ जोडून पाहा.

‘आम्ही विरोध केला, पण ते झालेच.’ चालते.
‘आम्ही निषेध केला, पण ते झालेच.’ काळाचा घोटाळा होतो. निषेध बहुधा झालेल्या गोष्टीचा असतो.
‘आम्ही प्रतिकार केला, पण हरलो.’ चालते.
‘आम्ही ते रोखले, पण ते झालेच.’ चालत नाही. ‘रोखण्याचा प्रयत्न केला’ म्हणावे लागते.
‘आम्ही डाव हाणून पाडला, पण तो यशस्वी झाला.’ अर्थहीन.

म्हणजे रोखणे, थोपवणे, हाणून पाडणे या क्रियापदांत निकाल आधीच भरलेला आहे. विरोध, प्रतिकार, आक्षेप, हरकत यांत तो नाही. बातमीत ‘रोखले’ लिहिताना हे डोक्यात असले पाहिजे, नाहीतर जे घडलेच नाही ते लिहिले जाते.

रानजाई

निषेध झालेल्या गोष्टीचाच असतो हे पूर्ण पटत नाही. ‘प्रस्तावित शुल्कवाढीचा निषेध’ असे फलक सर्रास दिसतात आणि वाढ तर अजून व्हायची असते.

तळटीप

@रानजाई, प्रस्ताव मांडला गेलेला असतो ना? निषेध त्या मांडण्याचा असतो. कोणी काही जाहीरच केले नसेल, नुसती कुणकुण असेल, तर निषेध करता येत नाही. विरोध करता येतो: ‘अशी वाढ आणलीत तर आमचा विरोध राहील.’ इथे ‘आमचा निषेध राहील’ घालून पाहा.

रानजाई

हे मान्य. ‘निषेध राहील’ कानाला सोसत नाही.

आडवाट

माझ्या मते या सगळ्यांत मोठी गोची विभक्तीची आहे आणि कोशातल्या यादीत तीच दिसत नाही. प्रत्येक शब्द आपल्या कर्माला वेगळा प्रत्यय लावायला सांगतो आणि सोबतचे क्रियापदही आपले आपण निवडतो.

विरोध: कशाला? ‘ठरावाला विरोध केला.’
निषेध: कशाचा? ‘हल्ल्याचा निषेध केला.’
प्रतिकार: कशाचा किंवा कोणाचा? ‘शत्रूचा प्रतिकार केला.’
आक्षेप: कशावर किंवा कशाला? आणि तो घेतात, करत नाहीत. ‘मजकुरावर आक्षेप घेतला.’
हरकत: तीही घेतात. ‘नोंदीला हरकत घेतली.’
मज्जाव: कोणाला आणि काय करण्यास? ‘त्यांना आत येण्यास मज्जाव केला.’ दोन जागा भराव्या लागतात.
नकार: तो देतात. ‘सही करण्यास नकार दिला.’
खंडन, प्रतिवाद: कशाचे, कशाचा? ‘आरोपांचे खंडन’, ‘मुद्द्याचा प्रतिवाद’.
बंड: कोणाविरुद्ध? करतात किंवा पुकारतात.
अडथळा: कशात? आणतात. खोडा: कशात? घालतात.
झुंज: कोणाशी किंवा कोणाला? देतात.

शब्द बदलताना प्रत्यय बदलायचा राहिला की ‘घटनेला निषेध केला’ किंवा ‘विधानावर विरोध केला’ असली वाक्ये जन्मतात. ‘विधानावर विरोध’ हल्ली फार वाढले आहे. ‘आक्षेप’चा ‘वर’ विरोधाला चिकटला आहे.

काना_मात्रा

षष्ठीमुळे होणारी एक अडचण लक्षात आणून देतो. ‘विद्यार्थ्यांचा निषेध’ हा मथळा घ्या. विद्यार्थ्यांनी निषेध केला, की विद्यार्थ्यांचा कोणी निषेध केला? दोन्ही अर्थ निघतात, कारण निषेध करणाऱ्यालाही षष्ठी आणि ज्याचा निषेध करायचा त्यालाही षष्ठीच. ‘विद्यार्थ्यांचा विरोध’मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण ‘विरोध’चे कर्म ‘ला’ घेते. उपाय सोपा: ‘विद्यार्थ्यांकडून निषेध’, किंवा कर्मही लिहा. ‘पोलिसांचा प्रतिकार’लाही तेच दुखणे आहे.

मोडीमित्र

क्या बात! ही जागा पक्की लक्षात राहील.

हरकत, तक्रार आणि मज्जाव या तिघांबद्दल थोडे. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. गाण्यातली हरकत, म्हणजे सुरांची ती चपळ फिरत, त्या मूळ अर्थाजवळ राहिली. हिंदीत हरकत म्हणजे कृती, बहुधा नको ती. मराठीत मात्र तिचा अर्थ ‘अडचण, आक्षेप’ असा स्थिरावला. ‘तक्रार’ मुळात पुनरावृत्ती. तेच तेच म्हणणे. मराठीत गाऱ्हाणे झाले. ‘मज्जाव’ची फोड हिंदी ‘मत जाव’ अशी दिली जाते, म्हणजे वाट अडवणाऱ्याचे शब्दच नाम होऊन बसले. म्हणून काना_मात्रा यांचा पाचव्या वाक्यावरचा कौल बरोबर आहे.

शब्दवेल्हाळ

मग ‘हरकत’ काढून सगळीकडे ‘आक्षेप’ वापरावा, असा आग्रह धरणारे चुकतात का?

मोडीमित्र

चुकतात. कोणी ‘उशीर झाला, माफ करा’ म्हटल्यावर ‘काही आक्षेप नाही’ म्हणून पाहा. तिथे ‘काही हरकत नाही’च लागते. शिवाय कामकाजात हरकतीला मुदत असते आणि ती घेण्याचा हक्क असावा लागतो: ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.’ आक्षेप कोणीही, कधीही, कशावरही घेऊ शकतो. वाचकसुद्धा घेऊ शकतो. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ला दुसरा शब्द सुचवून बघा, जमत नाही.

अवग्रह

‘आक्षेप’ क्षिप् म्हणजे फेकणे यापासून. प्रक्षेप, विक्षेप, हस्तक्षेप, संक्षेप हे त्याचेच सोयरे. या घरातला ‘अधिक्षेप’ पुष्कळदा आक्षेपाच्या जागी येतो, ती चूक आहे. अधिक्षेप म्हणजे अपमान, पाणउतारा. ‘मी त्यांच्या लेखावर अधिक्षेप घेतला’ असे होत नाही. ‘त्यांनी माझा अधिक्षेप केला’ असे होते.

दवबिंदू

+१. आणखी एक जोडी: निषेधार्थ आणि निषेधार्ह. ‘घटनेच्या निषेधार्थ मोर्चा’ म्हणजे निषेध करण्यासाठी मोर्चा. ‘ही घटना निषेधार्ह आहे’ म्हणजे ती निषेधास पात्र आहे. ‘निषेधार्ह मोर्चा’ लिहिले की मोर्चाचाच धिक्कार होतो.

काना_मात्रा

लेखनाचेही बोलू. ‘विरुद्ध’मधला रु ऱ्हस्व. जोडाक्षरात आधी द, मग ध. ‘विरूध्द’ हे सगळ्यात जास्त दिसणारे चुकीचे रूप. कारण समजले की चूक होत नाही: रुध् + त. ‘त’चा ध होतो, आधीच्या ‘ध्’चा द् होतो, आणि रुद्ध मिळते. बुद्ध, युद्ध, शुद्ध, निषिद्ध सगळे असेच. टंकताना द, हलन्त, ध या क्रमाने.

‘निषेध’मधला ष मात्र सिध् या धातूचा नाही. तो ‘नि’मधल्या इकारामुळे आला. ‘अभिषेक’मध्ये सेकचा षेक होतो, तसाच.

शब्दयोगी असल्याने ‘विरुद्ध’ आधीच्या शब्दाला जोडून: ‘अन्यायाविरुद्ध’. ‘विरोधात’ मात्र सुटे आणि आधी ‘च्या’: ‘अन्यायाच्या विरोधात’.

आडवाट

विशेषणांकडेही बघा. प्रत्येकाचे आपले ठरलेले असते आणि ते दुसऱ्याला मानवत नाही. कडाडून विरोध, तीव्र निषेध, चिवट किंवा निकराचा प्रतिकार, सक्त मनाई, ठाम नकार, साफ इन्कार, कडवी झुंज, सडेतोड प्रतिवाद. ‘कडाडून निषेध’ किंवा ‘सक्त विरोध’ ऐकले की मराठी कान लगेच दचकतो. समानार्थी शब्द बदलताना विशेषणासकट बदलावा लागतो.

रानजाई

‘जोरदार’ मात्र सगळ्यांना चालते.

आडवाट

चालते, म्हणूनच त्यात चव नाही. ‘निकराचा’ म्हटल्यावर पाठ भिंतीला टेकली आहे हे कळते. ‘चिवट’मध्ये वेळ जातो, दमछाक होते, तरी माणूस सोडत नाही. ‘जोरदार’ने यातले काहीच कळत नाही.

तळटीप

इन्कार, खंडन, प्रतिवाद यांचा घोळ बातम्यांत रोज होतो. त्यावर सविस्तर लिहितो.

आरोप झाला. ‘मी असे केले नाही’ एवढेच म्हटले तर तो इन्कार. पुरावा लागत नाही. पुरावा देऊन आरोप मोडून काढला तर ते खंडन. खंडन म्हणजे तुकडे करणे. समोरच्याच्या युक्तिवादाला उलट युक्तिवादाने उत्तर दिले तर तो प्रतिवाद. त्यात जिंकलेच पाहिजे असे नाही. ‘प्रवक्त्याने आरोपांचे खंडन केले’ असे लिहिले की आरोप खोटे ठरले असा निवाडा बातमीदाराने स्वतःच दिल्यासारखे होते, आणि प्रवक्त्याने तर फक्त ‘खोटे आहे’ एवढेच म्हटलेले असते. तिथे ‘इन्कार केला’ किंवा ‘आरोप फेटाळले’ हवे.

सभेच्या इतिवृत्तातही अशीच एक जागा आहे. ‘बिनविरोध’ आणि ‘एकमताने’ एक नव्हेत. बारा जणांपैकी आठ बाजूने, चार तटस्थ, विरोधात कोणी नाही: ठराव बिनविरोध मंजूर झाला, पण एकमताने नाही. एकमतासाठी बाराही बाजूने हवेत. तटस्थ राहणे म्हणजे विरोध नव्हे आणि पाठिंबाही नव्हे. इतिवृत्तात हा फरक पुसला गेला की पुढे वाद होतात.

दवबिंदू

बोलीतले आणि हातोहात वापरातले शब्द कोणी घेतलेच नाहीत. आडवे येणे, आडकाठी करणे, मोडता घालणे, खोडा घालणे, कोलदांडा घालणे, पाचर मारणे, बिब्बा घालणे. हे सगळे विरोधाचेच, पण उघड विरोधाचे नाहीत. काम चालू आहे, त्यात मध्येच काहीतरी अडकवून ठेवायचे, असा त्यांचा भाव. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचे लाकूड. पाचर म्हणजे फटीत ठोकायची लाकडी खुंटी. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात, म्हणून बिब्बा घालणारा नुसता अडवत नाही, जमलेले नासवतो. ठरत आलेल्या गोष्टीतच बिब्बा घालता येतो. सुरूच न झालेल्या कामात बिब्बा घालता येत नाही, खोडाही नाही.

उघड्यावरचा विरोध हवा असेल तर आखाड्यातले शब्द घ्या: दंड थोपटणे, शड्डू ठोकणे. पण ते कुस्तीच्या आधीचे आहेत, आव्हानाचे. प्रत्यक्ष भिडल्यावर ‘दोन हात करणे’, ‘टक्कर देणे’.

मोडीमित्र

दवबिंदू, सुंदर. यात ‘न जुमानणे’ घाला. हे क्रियापद नकाराशिवाय जवळजवळ जगतच नाही. ‘तो कोणाला जुमानत नाही’ म्हणतो. ‘तो सगळ्यांना जुमानतो’ कोणी म्हणत नाही. प्रश्नात तेवढे चालते: ‘तो कोणाला जुमानतो का?’ तसेच ‘ब्र काढणे’ आणि ‘चकार शब्द काढणे’. हे शब्द विरोध झाला नाही हे सांगायलाच येतात. विरोध केला हे सांगायला ‘त्याने ब्र काढला’ असे म्हणत नाहीत.

अवग्रह

थोडे अवांतर, तरी विषयातलेच. ‘बंड’ला एक अट आहे: बंड करणारा आधी त्या सत्तेखाली किंवा त्या गटात असला पाहिजे. म्हणून पक्षातल्याच माणसाला ‘बंडखोर उमेदवार’ म्हणतात. दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला ते लागू होत नाही. आणि बंड म्हणताना सत्ता रास्त आहे असे गृहीत धरले जाते. १८५७च्या घटनांना ‘शिपायांचे बंड’, ‘उठाव’ आणि ‘स्वातंत्र्यसमर’ अशी तिन्ही नावे मराठीत आहेत. कोणता शब्द निवडला यावरून लिहिणारा कुठे उभा आहे ते दिसते.

‘प्रतिकार’चे उलटे आहे. प्रतिकार करणाऱ्याच्या बाजूने सहानुभूती असते, कारण पहिला वार समोरून झालेला असतो. तरी ‘निःशस्त्र प्रतिकार’ ही संज्ञा गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी पुरेशी वाटली नाही. ती दुर्बलांचे साधन असल्याचा समज होत होता. नवा शब्द मागवला, ‘सदाग्रह’ सुचवला गेला, त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ झाला. महाडला १९२७ साली आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी १९३० साली जे झाले त्याला आपण सत्याग्रह म्हणतो, आणि समोरच्यांनी जे केले त्याला मज्जाव. दोन्ही बाजूंनी एकमेकांना ‘विरोध’ केला असे लिहिले तर व्याकरण चुकत नाही, पण दार कोणी बंद केले होते हे वाक्यातून निघून जाते. माझ्या लेखी नेमका शब्द शोधण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे.

रानजाई

अवग्रह, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र ‘विरोध’ सरळ अर्थाने येतो: ‘घर्षण बल गतीला विरोध करते.’ तिथे निषेध घातला तर घर्षणाच्या हाती फलक द्यावा लागेल. :) विजेच्या धड्यात ‘रोध’ आणि त्याचे एकक ओहम.

तळटीप

म्हणजे कर्ता सजीव आहे की निर्जीव, हीही एक चाळणी. विरोध निर्जीव करू शकतो. प्रतिकारही शरीर करते, धातू गंजाचा करतो. निषेध, आक्षेप, हरकत, नकार यांना बोलणारा माणूस, किंवा माणसांची संस्था लागते.

काना_मात्रा

मला सगळ्यांत कामाची वाटते ती विरुद्धार्थी शब्दाची चाळणी. शब्द खरेच समानार्थी असतील तर त्यांचा उलट शब्दही एकच निघायला हवा. निघतो का बघा.

विरोध × पाठिंबा, समर्थन
प्रतिकार × शरणागती
मज्जाव × मुभा
खंडन × मंडन
नकार × होकार
निषेध × ? शास्त्रात ‘विधी’ (विधिनिषेध), रोजच्या भाषेत ‘स्वागत’ किंवा ‘अभिनंदन’

सहा शब्द, सहा वेगळी टोके. शंका आली की उलट शब्द घालून वाक्य वाचा. ‘शिबंदीने हल्ल्याला पाठिंबा दिला’ हे चौथ्या वाक्याचे उलट होत नाही. ‘शिबंदी शरण आली’ हे होते. म्हणून तिथे प्रतिकार.

आडवाट

‘हरकत’चे उलट ‘संमती’. बाकी चाळणी मस्त.

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचही वाक्ये परत लिहितो, तपासा.

१. रहिवाशांनी रस्ता रुंदीकरणाला विरोध केला. (मुदतीत लेखी दिले असेल तर: ‘रुंदीकरणाला हरकत घेतली’.)
२. शरीर रोगजंतूंचा प्रतिकार करते.
३. वक्त्याच्या त्या विधानावर तिने आक्षेप घेतला. (उलट युक्तिवाद केला असेल तर: ‘विधानाचा प्रतिवाद केला’.)
४. किल्ल्यातल्या शिबंदीने हल्ल्याचा निकराने प्रतिकार केला.
५. पहारेकऱ्याने त्यांना आत जाण्यास मज्जाव केला.

मोडीमित्र

पाचव्यात पहारेकऱ्याने नुसते ‘कोण तुम्ही, कुठे चाललात?’ विचारले असेल तर तो मज्जाव नाही. त्याला ‘हटकले’ म्हणतात. हटकल्यावर समाधानकारक उत्तर मिळाले की तो सोडतोही.

दवबिंदू

आणि चौथ्यात हल्ला परतला असेल तर ‘हल्ला परतवून लावला’. गड पडला असेल तर ‘प्रतिकार केला’ बरोबर. काय झाले होते त्या किल्ल्यात?

शब्दवेल्हाळ (धागाकर्ता)

गड पडला होता. मग ‘प्रतिकार’च ठेवतो.